लिनक्सच्या बूट स्क्रीनचं रेझोल्यूशन कसं बदलायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांना जुन्या लॅपटॉपवर, डेस्कटॉपवर लिनक्स टाकून देतोय, बहुतेक वेळा मिंट किंवा उबुंटू, आणि सगळं सुरळीत चालू लागलं की आठवड्याभरात एक फोन हमखास येतो, की चालतंय छान पण चालू होताना अक्षरं एवढी ढोबळ का दिसतात, नाहीतर उलटं, चालू होताना मुंगीएवढी अक्षरं आहेत काहीच वाचता येत नाही. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवलीत. जास्त करून उबुंटू, मिंट, डेबियन धरून लिहिलंय, फेडोरा आणि आर्चमध्ये जिथे फरक पडतो तिथे तो सांगितलाय.

बूट स्क्रीन म्हणजे नक्की कुठली स्क्रीन?

इथेच सगळ्यांचा घोळ होतो म्हणून हे आधी. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत आपल्याला एकच स्क्रीन वाटते पण तिथे चार-पाच वेगवेगळे प्रोग्राम एकामागोमाग एक स्क्रीन ताब्यात घेत असतात. पहिला कंपनीचा लोगो, तो मदरबोर्डचं फर्मवेअर दाखवतं, जुन्या मशीनवर बायोस, नवीन मशीनवर यूईएफआय. मग ग्रबचा मेनू, जिथे कुठली सिस्टीम चालू करायची ते निवडता. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होतो आणि फर्मवेअर-ग्रबने जो मोड लावून दिलाय त्याच मोडमध्ये थोडा वेळ काम करतो. मग ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर लोड होतो, इंटेलचा आय९१५, एएमडीचा एएमडीजीपीयू, किंवा एनव्हिडिया कार्डांसाठीचा मोफत ड्रायव्हर नूवो, आणि तो मॉनिटरला विचारून त्याचं मूळ रेझोल्यूशन लावतो. याच दरम्यान प्लायमाउथ नावाचा प्रोग्राम आपला फिरता लोगो दाखवत असतो. आणि शेवटी लॉगिन स्क्रीन.

यातल्या प्रत्येकाची सेटिंग वेगळ्या जागी आहे. ग्रबच्या मेनूचं रेझोल्यूशन कितीही बदललं तरी लॉगिन स्क्रीन सहसा हलणार नाही, आणि डेस्कटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये काहीही केलं तरी ग्रबला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे आधी नक्की कोण चुकतंय ते शोधा, मग हात घाला. माझ्याकडे आलेल्या निम्म्या केसेसमध्ये लोकांनी तीन तास भलत्याच फाइलमध्ये घालवलेले असतात.

मग माझी कुठली स्क्रीन बिघडलीये हे कसं ओळखायचं? सगळं दोन सेकंदात निघून जातं.

मोबाइलवर व्हिडिओ काढा. खरंच, यापेक्षा चांगला उपाय मला आजपर्यंत सापडलेला नाही. बटण दाबायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करा, डेस्कटॉप आला की बंद करा, आणि मग हळू चालवून बघा. लोगो ताणलेला आहे का, ग्रबच्या अक्षरांचा आकार कसा आहे, मध्ये स्क्रीन कितीदा काळी होते. स्क्रीन एकदा काळी होऊन अक्षरांचा आकार एकदम बदलला तर त्या क्षणी ड्रायव्हरने ताबा घेतला असं समजा. त्याच्या आधीचं जे खराब दिसतं ते ग्रबच्या बाजूचं, त्याच्या नंतरचं खराब असेल तर ड्रायव्हर, प्लायमाउथ किंवा लॉगिन.

डेस्कटॉप आल्यावर टर्मिनलमध्ये डीमेसेज (डी-एम-ई-एस-जी) कमांड आधी सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, चालवली आणि त्यात ईएफआयएफबी हा शब्द शोधला तर यूईएफआय मशीनवर बरेचदा एक ओळ मिळते, मोड अमुक बाय तमुक असं लिहिलेली. तो कर्नलला सुरुवातीला मिळालेला मोड. नवीन कर्नलवर त्याच्या जागी सिम्पलडीआरएम असं नाव दिसू शकतं.

इथे कमांड देवनागरीत आहेत, टाइप कशा करायच्या?

इंग्रजी अक्षरांतच करायच्या, इथे फक्त उच्चार लिहिलाय. तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ग्रबच्या सेटिंगची नावं, म्हणजे ग्रब_जीएफएक्समोड वगैरे, सगळी कॅपिटलमध्ये असतात आणि मधे अंडरस्कोर असतो. दोन, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस द्यायची नाही, दिली तर ती ओळ चालत नाही. तीन, रेझोल्यूशनमधल्या गुणाकाराच्या चिन्हाच्या जागी छोटा एक्स टाकायचा. नावं पाठ करायची गरज नाही, बरीचशी नावं फाइलमध्ये आधीच लिहिलेली असतात, तुम्हाला फक्त आकडा बदलायचा असतो.

माझ्याकडे ग्रबचा मेनू येतच नाही.

मशीनवर एकटं लिनक्स असेल तर उबुंटू आणि मिंट मेनू लपवून ठेवतात. यूईएफआय मशीनवर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप दाबा, एकदाच दाबा, जास्त वेळा दाबलं तर मेनूच्या ऐवजी ग्रबची कमांडलाइन येते. जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. नेहमीसाठी हवा असेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू आणि ग्रब_टाइमआउट=५ करा. रेझोल्यूशनचा उद्योग करायचा असेल तर हे आधी कराच, कारण मेनू दिसत असला की काही बिनसलं तर परतायची वाट हातात असते.

माझ्या मशीनला कुठकुठली रेझोल्यूशनं चालतात?

हा प्रश्न ग्रबलाच विचारायचा, इंटरनेटवर शोधायचा नाही. मेनू आला की सी दाबा, काळी कमांडलाइन येईल, तिथे व्हिडिओइन्फो टाइप करून एंटर. लिस्ट येते, चालू मोडच्या आधी चांदणी असते, आणि मॉनिटरने माहिती दिली असेल तर त्याचं आवडतं रेझोल्यूशनही दिसतं. लिस्ट लांब असून वर निघून गेली तर आधी सेट पेजर=१ करा आणि परत द्या. उबुंटूच्या ग्रब फाइलमध्ये व्हीबीईइन्फो नावाची कमांड सुचवलेली दिसते, ते जुनं नाव आहे, व्हिडिओइन्फोच वापरा.

हे का महत्त्वाचं, तर ग्रबकडे स्वतःचा इंटेल किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर नसतो. तो ग्राफिक्स कार्डच्या फर्मवेअरने दिलेल्या यादीतूनच मोड निवडतो, बायोसमध्ये त्या सोयीला व्हीबीई म्हणतात आणि यूईएफआयमध्ये जीओपी. यादीत नसलेला आकडा तुम्ही कितीही प्रेमाने लिहिला तरी तो लागणार नाही.

फाइलला हात न लावता आधी ट्राय करून बघता येतं का?

येतं, आणि तसंच करा. त्याच काळ्या कमांडलाइनवर तीन ओळी एकामागे एक द्या:

सेट जीएफएक्समोड=१२८०×१०२४
टर्मिनल_आउटपुट कन्सोल
टर्मिनल_आउटपुट जीएफएक्सटर्म

दुसऱ्या ओळीने ग्राफिक्स बंद होतं आणि तिसरीने नवीन मोडमध्ये परत चालू होतं. चांगलं दिसलं तर एस्केप दाबून मेनूत या आणि तिथे कसं दिसतंय तेही बघून घ्या. काही बिनसलं तर मशीन रीस्टार्ट करा, यातलं काहीच कुठे सेव्ह होत नाही.

आता कायमचं करायचंय.

सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब

फाइल उघडली की ग्रब_जीएफएक्समोड=६४०×४८० अशी ओळ दिसेल, उबुंटूत तिच्या आधी हॅश असतो म्हणजे ती बंद आहे. हॅश काढा आणि आकडा बदला. माझी सवय अशी की एकच आकडा लिहायचा नाही, स्वल्पविराम देऊन दोन-तीन लिहायचे आणि शेवटी ऑटो, म्हणजे १९२०×१०८०,१२८०×७२०,ऑटो असं. ग्रब डावीकडून एकेक बघत जातो आणि पहिला जमेल तो घेतो, त्यामुळे उद्या मॉनिटर बदलला तरी अडत नाही. ग्रब_टर्मिनल=कन्सोल ही ओळ चालू असेल तर तिच्या आधी हॅश टाका, नाहीतर मेनू टेक्स्ट मोडमध्येच राहील आणि तुमचा आकडा बघितलाही जाणार नाही.

सेव्ह करा आणि मग सुडो अपडेट-ग्रब. ही पायरी लोक विसरतात, आणि मग म्हणतात काहीच झालं नाही. ही फाइल म्हणजे नुसती इच्छा असते, खरी फाइल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी, ती या कमांडने नव्याने बनते. आर्चवर ग्रब-एमकेकॉन्फिग -ओ लिहून पुढे तोच पत्ता द्यायचा. फेडोरावर ग्रब२-एमकेकॉन्फिग आणि पत्ता /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी. फेडोराच्या जुन्या लेखांमध्ये ईएफआय फोल्डरमधल्या ग्रब.सीएफजीचा पत्ता दिलेला असतो, तो फेडोरा ३४ पासून वापरू नका, तिथे आता फक्त खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी छोटी फाइल असते, तिच्यावर लिहिलंत तर उगाच गोंधळ होतो.

माझा लॅपटॉप १३६६×७६८ चा आहे पण यादीत तो आकडाच नाही.

हे इतक्या लॅपटॉपवर बघितलंय. १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही आणि जुन्या व्हीबीईचा सगळा हिशोब आठच्या पटीत, म्हणून बायोसवाल्या मशीनवर हा मोड बरेचदा दिलेलाच नसतो. यादीत १३६०×७६८ असेल तर तो लावा, डोळ्याला फरक कळत नाही. तोही नसेल तर १०२४×७६८, अक्षरं थोडी आडवी ताणलेली दिसतील पण वाचायला स्वच्छ. यूईएफआय मोडमध्ये इन्स्टॉल केलेल्या लॅपटॉपवर हा त्रास सहसा येत नाही, तिथे जीओपी पॅनेलचा मूळ आकडा देतो.

ग्रबचा मेनू मस्त दिसतोय पण त्याच्यापुढची स्क्रीन तशीच ढोबळ आहे.

त्याच फाइलमध्ये एक ओळ घाला, ग्रब_जीएफएक्सपेलोड_लिनक्स=कीप, आणि परत अपडेट-ग्रब. याचा अर्थ ग्रबने लावलेला मोड तसाच कर्नलच्या हातात दे. कीपच्या जागी टेक्स्ट लिहिलं तर बायोसवर जुना टेक्स्ट मोड मिळतो.

पण हे फक्त ड्रायव्हर येईपर्यंतच्या एक-दोन सेकंदांपुरतं आहे. २००९ साली कर्नल २.६.२९ मध्ये इंटेलसाठी कर्नल मोडसेटिंग आलं, त्याला सगळे केएमएस म्हणतात, आणि मग रेडिऑन, नूवो आले. तेव्हापासून रेझोल्यूशन ठरवायचं काम कर्नलमधला ड्रायव्हरच करतो. ड्रायव्हर नीट लोड होत असेल तर तुम्ही काहीही न करता स्क्रीन मूळ आकड्यावर जायला हवी. जात नसेल तर आकड्यांशी खेळू नका, ड्रायव्हर का येत नाहीये ते बघा, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

डेस्कटॉपसुद्धा १०२४×७६८ वर अडकलाय, दुसरा ऑप्शनच येत नाही.

ग्रबच्या फाइलमध्ये ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट नावाची ओळ बघा, त्याखालची ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स पण बघा. तिथे नोमोडसेट हा शब्द सापडला तर हेच कारण. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडत होती म्हणून कोणीतरी सांगितलं नोमोडसेट टाक, ते टाकलं, काम झालं, आणि मग तो शब्द वर्षानुवर्षं तिथेच राहिला. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं की खरा ग्राफिक्स ड्रायव्हर वापरू नकोस, फर्मवेअरने दिलंय त्यावर भागव. मग रेझोल्यूशन वाढत नाही, व्हिडिओ अडखळतात, ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत, पंखा ओरडतो, आणि माणूस म्हणतो लिनक्स स्लो आहे. याचं मला फार वाईट वाटतं, कारण एका शब्दामुळे चांगली मशीन अडगळीत गेलेली बघितलीत.

आधी तात्पुरतं काढून बघा. ग्रब मेनूत ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ असते, तिच्यातून नोमोडसेट खोडा, आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० ने बूट करा. नीट आलं तर फाइलमधून काढा आणि अपडेट-ग्रब. काळी पडली तर रीस्टार्ट केल्यावर जुनी ओळ परत येते, नुकसान काही नाही.

प्लायमाउथचा लोगो उशिरा येतो, किंवा लोगोच्या जागी नुसते ठिपके येतात.

प्लायमाउथ ग्राफिक्स ड्रायव्हरची वाट बघत असतो. ड्रायव्हर हार्डडिस्कवरून उशिरा लोड झाला तर लोगो दिसायच्या आत बूट संपलेलं असतं. उपाय म्हणजे ड्रायव्हर आधीच इनिटरामएफएसमध्ये टाकून ठेवायचा, म्हणजे कर्नलबरोबर मेमरीत येणाऱ्या त्या छोट्या गाठोड्यात. कुठला ड्रायव्हर ते एलएसपीसीआय -के सांगतं. मग उबुंटू-डेबियनवर /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलमध्ये शेवटी एका ओळीत त्याचं नाव लिहा, आय९१५ किंवा एएमडीजीपीयू, आणि सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओच्या फाइलमध्ये केएमएस नावाचा हुक असतो, तो आहे ना बघा. फेडोरावर ड्रॅकट -एफ.

४के स्क्रीनवर लोगो फारच मोठा किंवा फारच लहान वाटत असेल तर /ईटीसी/प्लायमाउथ/प्लायमाउथडी.कॉन्फ मध्ये डेमन या भागाखाली डिव्हाइसस्केल=१ किंवा २ करून बघा, आणि इनिटरामएफएस परत बनवा, कारण प्लायमाउथची सेटिंगसुद्धा त्या गाठोड्यातच जाते.

एनव्हिडियाचा कंपनीवाला ड्रायव्हर आहे, काहीच लागू होत नाहीये.

हो, इथे गणित थोडं वेगळं. नूवो असेल तर वरचं सगळं लागू आहे. पण कंपनीचा ड्रायव्हर बरीच वर्षं कर्नलच्या टेक्स्ट कन्सोलसाठी फ्रेमबफर, म्हणजे चित्र काढायची मेमरी, देतच नव्हता, त्यामुळे ग्रबने जो मोड लावला तोच डेस्कटॉप येईपर्यंत टिकायचा. अशा मशीनवर ग्रब_जीएफएक्समोड आणि कीप या दोन ओळीच सगळं काम करतात, म्हणून त्या नीट लिहा. ५४५ सीरीजपासून एनव्हिडिया-डीआरएम.एफबीडेव्ह=१ असा पर्याय आला, त्याबरोबर एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१ लागतं. दोन्ही कर्नलच्या ओळीत, म्हणजे वरच्या ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्टमध्ये, लिहायचे. आधी ई दाबून एकदा ट्राय करा.

टीव्हीला जोडलंय, किंवा मध्ये केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड दोन मशीनना वापरायचा डबा) आहे, आणि आकडा चुकीचा लागतो.

मॉनिटर आपली माहिती केबलमधून मशीनला देतो, तिला ईडीआयडी म्हणतात. स्वस्तातल्या स्विचमधून, कन्व्हर्टरमधून किंवा खराब केबलमधून ती माहिती पोचत नाही, आणि मग ड्रायव्हर बिचारा अंदाजाने १०२४×७६८ धरतो. आधी स्विच काढून सरळ केबल लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

तरी जमलं नाही तर कर्नलला हुकूम द्यावा लागतो. /सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरमध्ये बघा, कार्ड०-एचडीएमआय-ए-१ अशी नावं दिसतील, त्यातला कार्डनंतरचा भाग तुमच्या सॉकेटचं नाव. त्या फोल्डरमधली मोड्स नावाची फाइल कॅट करून बघितली तर तो सॉकेट काय काय दाखवू शकतो ते कळतं. मग कर्नलच्या ओळीत व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०×१०८०@६० असं घालायचं. ४के टीव्हीवर लांबून वाचता येत नाही म्हणून १०८० वर आणायचं असेल तेव्हाही हेच, माझ्या मावशीकडे हॉलमधल्या टीव्हीला जोडलेलं छोटं मशीन आहे त्याला हेच करून दिलंय. मोड लावूनही सॉकेट झोपलेलाच असेल तर ६० च्या पुढे लगेच ई हे छोटं अक्षर लावा, म्हणजे मॉनिटर सापडो न सापडो, तो सॉकेट चालू ठेव.

लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन फुटलीये आणि बाहेरचाच मॉनिटर वापरायचाय तर व्हिडिओ=ईडीपी-१:डी, इथे डी छोटा. पण मग ती स्क्रीन डेस्कटॉपवरही चालू होणार नाही हे ध्यानात ठेवा.

कोणीतरी सांगितलं व्हीजीए=७९१ टाक.

फार जुना सल्ला. व्हीईएसए मोडचा नंबर आणि त्यात ५१२ मिळवायचे अशी ती पद्धत, ७९१ म्हणजे १०२४×७६८ सोळा बिट, ७८८ म्हणजे ८००×६००. मेनू.एलएसटीवाल्या जुन्या ग्रबच्या काळात बरोबर होतं, उबुंटूने २००९ च्या ९.१० मध्ये ग्रब २ आणलं तेव्हाच ते मागे पडलं, आणि यूईएफआयवर तर त्याला अर्थच नाही. ओळीत सापडलं तर काढून टाका.

४के लॅपटॉप आहे, ग्रबची अक्षरं दिसत नाहीत आणि मेनू खालीवर करताना अडखळतो.

इथे उलटं करा, रेझोल्यूशन कमी करा. ग्रब ग्राफिक्स कार्डचा वेग वापरत नाही, प्रोसेसरनेच एकेक ठिपका रंगवतो, ३८४०×२१६० म्हणजे ऐंशी लाखांहून जास्त ठिपके. १२८०×७२० किंवा १०२४×७६८ लावलंत की मेनू झटपट होतो आणि अक्षरंही मोठी होतात. माझ्या मते ग्रबसाठी मूळ रेझोल्यूशनचा हट्ट धरायची गरजच नाही, पाच सेकंदांची स्क्रीन आहे ती, वाचता आली की पुरे.

फॉन्ट मोठा करायचा तर ग्रब-एमकेफॉन्टने पीएफ२ फाइल बनवून ग्रब_फॉन्टमध्ये तिचा पत्ता देता येतो, पण सिक्युअर बूट चालू असेल तर नवीन ग्रब बाहेरून आणलेला फॉन्ट नाकारतं. त्यापेक्षा रेझोल्यूशन कमी करणं सोपं.

ग्रबनंतरच्या कन्सोलची अक्षरं बारीक असतील तर तिथे रेझोल्यूशन नाही, फॉन्ट बदलायचा. उबुंटू-डेबियनवर सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप, आणि टर्मिनस १६×३२ निवडा. सुरुवातीच्या ओळीसुद्धा मोठ्या हव्या असतील तर कर्नलच्या ओळीत एफबीकॉन=फॉन्ट:टीईआर१६×३२, हा फॉन्ट कर्नल ५.० पासून आतच येतो. ज्यांना चाळिशीचा चष्मा लागलाय त्यांना मी हेच करून देतो.

आकडा बदलला आणि आता स्क्रीन पूर्ण काळी! काय करू?

घाबरू नका, डेटा सगळा जागेवर आहे. हे माझंही झालंय, जुना चौकोनी मॉनिटर १२८०×१०२४ चा आणि मी घाईत यादी न बघता १६००×९०० लिहून मोकळा झालो. कार्डला तो मोड जमत होता, मॉनिटरला नाही, ग्रब मॉनिटरची दरवेळी खात्री करत नाही, आणि स्क्रीनवर "आउट ऑफ रेंज" एवढंच.

आधी नुसतं थांबा. काळा आहे तो मेनू, मशीन नाही. टाइमआउट संपला की सिस्टीम आपोआप चालू होते, ड्रायव्हर आला की चित्र परत येतं. एक-दोन मिनिटं हात न लावता वाट बघा, डेस्कटॉप आला की फाइल दुरुस्त करा आणि अपडेट-ग्रब. माझं असंच सुटलं, पण त्याआधी मी अर्धा तास केबल बदलत बसलो होतो.

डेस्कटॉपही येत नसेल तर ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं होतं त्यावरून लाइव्ह बूट करा. फाइल मॅनेजरमधून तुमचं लिनक्सचं पार्टिशन उघडा म्हणजे ते माउंट होईल. आता /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी फाइल त्या पार्टिशनमधली, लाइव्ह सिस्टीममधली नाही, सुडो लावून उघडा आणि त्यात सेट जीएफएक्समोड= अशी ओळ शोधून आकड्याच्या जागी ऑटो लिहा. ही फाइल हाताने बदलू नये असं तिच्यातच वर लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते, पण अडचणीत एकदा बूट होण्यापुरतं हे चालतं. बूट झालं की लगेच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये खरी दुरुस्ती करा. व्हिडिओ= मुळे काळी पडली असेल तर पेनड्राइव्हचीही गरज नाही, ग्रब मेनूत ई दाबून तेवढा तुकडा खोडा.

"नो सुटेबल व्हिडिओ मोड फाउंड, बूटिंग इन ब्लाइंड मोड" असा मेसेज येतो.

कर्नलला द्यायला ग्रबकडे एकही चालणारा ग्राफिक्स मोड नाही. बहुतेक वेळा व्हिडिओचे मॉड्यूल लोड झालेले नसतात किंवा युनिकोड.पीएफ२ ही फॉन्ट फाइल जागेवर नसते. तात्पुरतं, मेनूत ई दाबून वर इन्समॉड ऑल_व्हिडिओ अशी ओळ घाला आणि बूट करा. चाललं तर ग्रब परत इन्स्टॉल करून अपडेट-ग्रब करा. मेसेज येऊनही पुढे सगळं नीट चालू होत असेल तर घाईचं काम नाही.

माझ्याकडे ग्रब नाही, सिस्टमडी-बूट आहे.

त्याचा मेनू टेक्स्टचाच असतो, त्यामुळे पिक्सेलचे आकडे लिहायचे नाहीत. लोडर.कॉन्फ फाइलमध्ये कन्सोल-मोड अशी ओळ, पुढे ०, १, २, ऑटो, मॅक्स किंवा कीप. नवीन व्हर्जनमध्ये मेनूत असताना आर दाबलं की मोड बदलत जातात, बघून ठरवा. रेफाइंड या दुसऱ्या बूट मेनूमध्ये मात्र सरळ रेझोल्यूशन १९२० १०८० असं मधे स्पेस देऊन लिहायचं.

कंपनीच्या लोगोचं रेझोल्यूशन बदलता येतं का?

लिनक्समधून नाही. फर्मवेअर सेटिंगमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या बायोससारखं वागायची सोय, बंद केल्यावर काही बोर्ड मूळ रेझोल्यूशनवर येतात, पण तुमचं लिनक्स किंवा विंडोज जुन्या बायोस मोडमध्ये इन्स्टॉल झालं असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते बूटच होणार नाही. /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का ते बघा, नसेल तर तुम्ही बायोस मोडमध्ये आहात, सीएसएमला हात लावू नका.

ड्युअल बूटमधल्या विंडोजवर परिणाम होईल का?

नाही. विंडोज आपला मोड आपण लावतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएफआय चालू असेल तर मशीन बंद करून बाहेरच्या टर्मिनलमध्ये व्हीबॉक्समॅनेज सेटएक्स्ट्राडेटा, पुढे मशीनचं नाव, पुढे व्हीबॉक्सइंटर्नल२/ईएफआयग्राफिक्सरेझोल्यूशन आणि आकडा. क्यूएमू आणि ओव्हीएमएफ असेल तर सुरुवातीला एस्केप दाबून त्याच्या फर्मवेअर मेनूत जा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ओव्हीएमएफची सेटिंग आहे, तिथे रेझोल्यूशन निवडता येतं.

रास्पबेरी पायवर?

तिथे ग्रब नसतोच. जुन्या लेखांत कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये एचडीएमआय_ग्रुप आणि एचडीएमआय_मोड लिहायला सांगतात, पण आताच्या केएमएस ड्रायव्हरवर ते आकडे बघितलेच जात नाहीत. सीएमडीलाइन.टीएक्सटी उघडा, रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती /बूट/फर्मवेअर मध्ये असते, आणि त्यातल्या एकुलत्या एक ओळीच्या शेवटी स्पेस देऊन व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०×१०८०एम@६०डी घाला, इथला डी कॅपिटल. नवीन ओळ करायची नाही, एंटर दाबलंत तर पुढचं काही वाचलंच जात नाही.

लॉगिन स्क्रीन तेवढी चुकीची येते, डेस्कटॉप बरोबर आहे.

लॉगिन स्क्रीन हा वेगळा युजर आहे, त्याला तुमची सेटिंग माहीत नसते. जीडीएम म्हणजे उबुंटूची लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम, त्याच्यासाठी तुमच्या घरच्या फोल्डरमधली .कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल ही फाइल /व्हार/लिब/जीडीएम३/.कॉन्फिग मध्ये सुडोने कॉपी करा आणि तिची मालकी जीडीएम युजरला द्या. दोन मॉनिटर लावणाऱ्यांचाही बहुतेक त्रास याने जातो.

ग्रबच्या मेनूत मराठी दिसेल का?

हा प्रश्न एका शाळेतल्या सरांनी विचारला होता, मुलांना मेनू मराठीत दिसावा म्हणून. ग्रबचा नेहमीचा फॉन्ट युनिफॉन्टवरून बनतो, त्यात देवनागरी अक्षरं आहेत, त्यामुळे नाव मराठीत लिहिलं तर चौकोन येत नाहीत. पण जोडाक्षरं जुळत नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, "विद्यार्थी" हा शब्द तुटक तुटक दिसतो. रेझोल्यूशन वाढवून हे सुटत नाही, कारण अडचण ठिपक्यांची नाही, अक्षरं जुळवायची आहे. कर्नलच्या टेक्स्ट कन्सोलवर तर आणखी अवघड, तिथे फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात. त्या सरांना मी दुसरी वाट करून दिली, ग्रबच्या थीमला पाठीमागे एक चित्र लावता येतं, त्या चित्रावरच मराठीत सूचना लिहिल्या, आणि त्यासाठी सगळ्या मशीनवर ग्रब_जीएफएक्समोड एकच ठेवला, १०२४×७६८, चित्रही तेवढ्याच मापाचं बनवलं, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षरं ताणली जात नाहीत.